पितळी पुंगळीचे पुनर्जन्म

२००३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी जिल्ह्यातील परवान्याच्या बंदुकांची पडताळणी चालू होती आणि त्या वेळी जिल्हा कचेरीतील शस्त्र-परवाना शाखेचे काम आमच्याकडे होते. ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात हे काम किती असते, हे या पत्रिकेच्या इकडील वाचकांस सांगावयास नको. खांद्यावरची बंदूक हा येथे पोषाखाचाच एक भाग समजला जातो. अर्जांचे गठ्ठे, शिफारशी आणि काडतुसांच्या हिशेबाच्या वह्या यांत बुडालेल्या माणसाला बंदूक या वस्तूविषयी काही कुतूहल उरत नाही. आमचेही उरले नव्हते.

अशा दिवसांत लष्कर भागातील एका जुन्या सरदार घराण्याच्या वाड्यात जाण्याचा प्रसंग आला. घरातील वडील पुरुष, ज्यांना सारे आबासाहेब म्हणत, ऐंशीच्या पुढचे होते. कचेरीपर्यंत येणे त्यांना शक्य नव्हते. दुनळी बंदूक एक, क्रमांक जुळला, परवान्याची मुदत ठीक, काडतुसे नोंदीप्रमाणे. चहा झाला. मग त्यांनी आतून एक सागवानी पेटी आणवली आणि मिस्कीलपणे विचारले, "साहेब, हिची नोंद कुठल्या रकान्यात करणार?"

पेटीत हत्यारे होती, पण शस्त्र एकही नव्हते. दारू मापण्याचे पितळी माप. शिसवी मुठीचा एक दट्ट्या. जुनी टोपी काढून नवी बसविण्याचे छोटे पितळी साधन. नमद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या वाटोळ्या चकत्या. आणि मेजाच्या कडेला आवळून बसविण्याचे, शेवयांच्या यंत्राच्या जातीचे, हाताने फिरवावयाचे एक यंत्र. त्यावर शेफील्डच्या जेम्स डिक्सन कंपनीचे नाव कोरलेले होते. आबासाहेबांनी एक रिकामी कागदी नळी त्यात बसविली आणि मूठ फिरविली. करंजीला मुरड पडावी तशी नळीची कड सावकाश आत वळली. "वडील शिकारीच्या आदल्या रात्री दिवाणखान्यात बसून सगळी काडतुसे स्वतः भरायचे," ते म्हणाले. "खरं सांगू? शिकारीपेक्षा त्यांना ह्यातच गोडी जास्त."

हे वाक्य आमच्या मनात अनेक वर्षे राहिले. बाजारात तयार काडतूस मिळत असताना ते स्वतः भरण्यात माणसाला कसली गोडी वाटावी? निवृत्तीनंतर या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातून जो इतिहास हाती आला तो ग्वाल्हेरपासून फार दूर अमेरिकेत जातो. परंतु त्याचा एक पाय आपल्याच भूमीत, तोही १८५७ मध्ये, रुतलेला आहे.

प्रारंभी शब्दाविषयी थोडेसे. 'काडतूस' हा शब्द पगार आणि चावी यांच्याप्रमाणेच पोर्तुगिजांकडून, म्हणजे गोव्याच्या वाटेने, मराठीत आला. मूळ पोर्तुगीज शब्द 'कार्तुशू'. आणि त्याच्याही मुळाशी जो 'कार्ता' आहे त्याचा अर्थ कागद. आज काडतूस म्हटले की पितळ डोळ्यांपुढे येते, पण नावाच्या पोटात अजून कागदच आहे. ते योग्यही आहे, कारण पहिली काडतुसे कागदाची पुडीच होती.

त्याही आधी काडतूस नव्हतेच. तोड्याची बंदूक असो की पुढची चकमकीची, प्रत्येक बार वेगळा भरावा लागे. शिंगड्यातून दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानावर चिमूटभर दारू ठेवायची आणि मग बत्ती. आपल्या कोकणात पिकांच्या राखणीसाठी ठेवलेल्या 'ठासणीच्या बंदुकी'च्या नावात ही सारी क्रिया शिल्लक आहे. अशा बंदुकीचा धनी आपल्या प्रत्येक बाराचा कर्ताही असे. दारू किती, गोळी कशी, चिंधी कोणती, हे तो जाणत असे, आणि बार फुसका निघाला तर दोष कोणाचा हेही.

कागदी काडतुसाने हा संबंध प्रथम सैल केला. मापलेली दारू आणि गोळी एका पुडीत बांधून शिपायाच्या हाती दिली जाऊ लागली. त्याने पुडीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी मागोमाग ठासायची. लढाईत वेळ वाचला. मात्र पुडी कोणी बांधली, कशाने बांधली, हे आता शिपायास ठाऊक नव्हते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आली तेव्हा हे अज्ञान स्फोटक ठरले. तिच्या नळीला आतून आटे होते. गोळी त्यांतून सुलभ उतरावी म्हणून पुडीला वंगण लागे. ते वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीतून निघाली. पुढचे सर्वांना माहीत आहे. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे. २४ एप्रिलला मीरतेत तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदांपैकी पंचाऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारणे. ९ मे रोजी त्यांना बेड्या. आणि १० मे.

या प्रसिद्ध हकिकतीतील एका कमी प्रसिद्ध तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बराकपूरचा सेनानी हिअर्सी याने अगदी आरंभीच सुचविले होते की, शिपायांना वंगणाचे जिन्नस स्वतः बाजारातून आणू द्यावेत आणि स्वतःच लावू द्यावेत. जानेवारी संपण्यापूर्वी सरकारने तशी मुभा दिलीही. म्हणजे रोग काय आहे हे एका अधिकाऱ्याला तरी बरोबर कळले होते. प्रश्न चरबीचा होता तितकाच हाताचा होता. जी वस्तू मी दातांनी फोडणार ती माझ्या हातची असू द्या, एवढेच त्यात होते. परंतु तोवर संशय वंगणावरून कागदावर गेला होता. फेब्रुवारीत चौकशीपुढे शिपायांनी सांगितले की, नव्या कागदाला निराळीच चकाकी आहे. तो जाळला असता तडतडतो, त्यात काही तरी आहे. मीरतेत नाकारलेली काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती. एकदा विश्वास गेल्यावर जुने-नवे कोण पाहतो! लष्करी इतिहासकार हा प्रकार अफवेच्या सदरात टाकून पुढे जातात. आम्हांस तो तितका हलका वाटत नाही.

१८५७ नंतर दहा वर्षांच्या आत कागदी पुडी कालबाह्य झाली. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी, तिन्ही एकाच धातूच्या नळीत बंद झाली. पितळ यासाठी निवडले गेले त्याला कारण आहे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे हे पितळ बार उडताच फुगते, नळीच्या भिंतींना चिकटून वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात पुन्हा आकसते, त्यामुळे पुंगळी सहज बाहेर निघते. गोळी गेली, दारू जळली, टोपी फुटली. परंतु काडतुसातील सर्वांत महागडा भाग, पितळी पुंगळी, जवळजवळ जशीच्या तशी हातात उरते. ती फेकून देणे कोणाही काटकसरी माणसाच्या जिवावर यावे. पुनर्भरणाच्या साऱ्या छंदाचा उगम या एका गोष्टीत आहे.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. १८६६ च्या सुमारास टोपी बसविण्याच्या दोन पद्धती निघाल्या. वूलिचच्या शाही प्रयोगशाळेचा प्रमुख कर्नल बॉक्सर हा इंग्रज. त्याच्या पद्धतीत टोपी ज्यावर आपटते ती बारीक ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते. त्या छिद्रातून आतून एक सुई घातली की जुनी टोपी टपकन बाहेर पडते. यादवी युद्धात नेमबाजांची पलटण उभी करणारा हायरम बर्डन हा अमेरिकन. त्याने ऐरण पुंगळीच्या तळातच कोरली आणि छिद्रे बाजूला दोन ठेवली. तेथे सुई चालत नाही. टोपी उकरून काढावी लागते. आता पाहा, अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातील बहुतेक सैन्यांनी अमेरिकनाची. घरी बसून पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला आणि युरोपात त्या मानाने कमी रुजला, याची इतरही कारणे आहेत. पण हे मधले छिद्र त्यांतील लहान कारण नव्हे.

अमेरिकेत अंतरे अफाट होती आणि दुकाने थोडी. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशात बायसनच्या, म्हणजे तिकडील रानगव्यांच्या, कातड्यांसाठी शिकारी टोळ्या फिरत. दिवसभर झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि रात्री शेकोटीपाशी बसून पुन्हा भरायच्या, हा त्यांचा नित्यक्रम होता. शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतणे, कथलाची थोडी भर घालून त्या कठीण करणे, हे सारे तळावरच चाले. या कामाचा परिणाम आनंददायक नव्हता, हे नमूद केलेच पाहिजे. विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मोजदाद केली तेव्हा कोट्यवधी बायसनांपैकी सुमारे १,०९१ उरले होते. हा हॉर्नडे त्यापूर्वी १८७७ मध्ये आपल्या शेजारी, इटाव्यापाशी यमुनेत सुसरी टिपीत होता, आणि तोच पुढे बायसन वाचविणाऱ्यांचा अग्रणी झाला. असो.

१८८४ मध्ये कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने 'आयडियल' या नावाचा हातहत्यारांचा कारखाना काढला. त्याचे हत्यार दिसायला थेट अडकित्त्यासारखे. दोन दांडे, मधे बिजागरी, आणि दांड्यांच्या जबड्यात निरनिराळे साचे बसविण्याची सोय. एका साच्याने टोपी निघते, दुसऱ्याने पुंगळीचे तोंड पूर्ववत आवळले जाते, तिसऱ्याने गोळी बसते. काही नमुन्यांत तर दांड्याच्या टोकालाच गोळी ओतण्याचा साचा जोडलेला असे. खिशात मावेल असा सबंध कारखाना! बार्लोने सोबत एक माहितीपुस्तिकाही काढली. शेतकरी, पोस्टमास्तर, खेड्यातले डॉक्टर ती वाचीत. पुढे हा धंदा १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला. तिने हा अडकित्ता '३१०' या क्रमांकाने विकला आणि पुस्तिकेच्या आवृत्त्या चालू ठेवल्या. २०१६ मध्ये तिची पन्नासावी आवृत्ती निघाली. दिवाळी अंक काढणाऱ्या आमच्या मित्रांनी या सातत्याकडे पाहावे! १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने हत्यार आणखी सोपे केले. त्याला दांडेही नकोत आणि मेजही नको. एक साचा, एक दट्ट्या आणि लाकडी मोगरी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठोकीत बसावे. वेगवान यंत्रे पुष्कळ निघाली आहेत, एका दांड्यासरशी तयार काडतूस बाहेर टाकणारी. तरीही मोगरी आणि अडकित्ता वापरणारे आहेतच.

या सर्वांत आम्हांस विलक्षण वाटला तो हॅरी पोप. १८६१ साली जन्मलेला आणि १९५० साली वारलेला हा बंदुकीच्या नळ्यांचा कारागीर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन लोकांनी 'शूत्झेन' नावाची नेमबाजीची मंडळे काढली होती. रविवारी सहकुटुंब जमायचे, उभ्याने दोनशे यार्डांवरच्या निशाणावर नेम धरायचा, वाद्ये वाजवायची, बिअर प्यायची. या मंडळांतले पुष्कळ नेमबाज दिवसभर एकच पुंगळी वापरीत. बार झाला की तीच पुंगळी काढायची, तेथेच मेजावर टोपी बदलायची, दारू मापून भरायची आणि पुन्हा त्याच नळीत त्याच बाजूने बसवायची. पोपच्या पद्धतीत गोळी तर वेगळीच, नळीच्या तोंडाकडून ठासली जाई. म्हणजे पितळी काडतुसाच्या युगात ही माणसे जाणूनबुजून ठासणीच्या बंदुकीकडे अर्धी परत गेली होती! कारण अचूकता. एकच पुंगळी, एकच हात, एकच माप. म्हणून बार-बारात फरक नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून जे जे होते त्यावर रोष झाला आणि या मंडळांना उतरती कळा लागली. परंतु आजही अत्यंत अचूक नेमबाजी करणारे स्पर्धक लहान हातसाचे घेऊन मैदानावरच पुंगळ्या भरतात, ती रीत त्यांचीच.

आता मूळ प्रश्न, गोडीचा. पैशांची बचत होते हे खरे. १८५७ चा स्मरणपूर्वक विचार करणाऱ्याला सुचेल ते उत्तर असे की, आत काय आहे ते ठाऊक असते. तयार काडतुसावर कारखान्याचे नाव असते. हातच्या काडतुसाला आपल्या स्मरणाची हमी असते. परंतु एवढ्यानेही वडील दिवाणखान्यात रात्र का काढीत हे सुटत नाही. आमच्या मते या कामाची जात सराफाची आहे. दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, जशी आपली गुंज ही एका वेलीची बी. आमच्या आजीच्या काळातला तोळा म्हणजे इंग्रजी हिशेबाने नेमका १८० ग्रेन. तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज दोन ग्रेनांना किंचित कमी. सराफाचा काटा स्थिरावेपर्यंत दुकानात जशी सगळ्यांची बोलणी थांबतात, तशीच शांतता या तोलण्याला हवी असते. जुनी काळी दारू थोडी चूक पोटात घाली. १८८४ नंतर आलेली निर्धूम दारू घालीत नाही. तिचे माप चुकले तर नळी फुटते, बोटे जातात, जीवही जातो. म्हणून जाणते लोक हे काम गप्पांत, घाईत किंवा मद्याच्या अंमलात करीत नाहीत. गोडी त्या एकाग्रतेची आहे.

आणि पितळेची. ओळखीची पुंगळी पुन्हापुन्हा हातातून जाते. तिच्या मानेवर चीर पडली का, तळाशी चमकती रेघ दिसते का, हे उजेडात फिरवून पाहावे लागते. वारंवार आवळल्याने मान कडक होते, तेव्हा ती तापवून मऊ करतात. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की कडक होते आणि पितळ मऊच पडते, हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. आणि एक दिवस ती पुंगळी खरोखरच संपते व बाजूला ठेवली जाते. २०२० नंतर दोनतीन वर्षे अमेरिकेत टोप्यांची मोठी टंचाई झाली. तेव्हा पुंगळ्या भरपूर, साचे तयार, दारू शिल्लक, आणि कवडीमोलाच्या टोपीवाचून सारे अडलेले, अशी अवस्था कित्येकांची झाली. हात कितीही कुशल असला तरी ती एक टोपी कारखान्यातूनच यावी लागते. स्वावलंबनाची ही मर्यादा त्या छंदातील माणसांना चांगलीच माहीत असते.

आपल्याकडे हा छंद का रुजला नाही याचे उत्तर सरळ आहे. ज्या राज्यकर्त्यांना एका काडतुसाने हादरविले ते प्रजेच्या हाती काडतूस घडविण्याची कला कशी देतील? लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. एतद्देशीयांना परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. आबासाहेबांच्या वडिलांसारख्यांची गोष्ट निराळी. संस्थानच्या हद्दीत दरबारचे नियम चालत आणि सरदारांच्या दिवाणखान्यात तपासणीस कोण जाणार! स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला. त्यानुसारही दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो; बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. हे कलम आम्ही स्वतः अनेकांना समजावून सांगितले आहे, आणि चंबळच्या खोऱ्यात नोकरी केलेल्या माणसाला ते अनाठायी वाटत नाही. तरीही या कायद्याचा वंश १८७८ कडे जातो हे विसरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच थांबली आणि ती पेटी माळ्यावर गेली.

त्या दिवशी पेटीत दारू नव्हती, टोपी नव्हती, छर्रा नव्हता. नोंद करण्याजोगे काही नसले तरी पाहिले ते लिहिणे भाग होते. आम्ही पंचनाम्यात, अर्थात हिंदीत, एक ओळ घातली: पुरानी पेटी एक, औजार अनुपयोगी. वाचून दाखविल्यावर आबासाहेबांनी सही करण्यासाठी घेतलेले पेन खाली ठेवले.

"अनुपयोगी लिहू नका, साहेब," ते म्हणाले. "उपयोग में नहीं, असं लिहा."

आम्ही शब्द खोडला, वर नवे लिहिले, शेजारी आमची आद्याक्षरे घातली. मग त्यांनी सही केली.